चांगुणाबाईंची रिकामी जागा

अकोले इथल्या तहसील कचेरीसमोर टपऱ्यांची ओळ आहे. तिथं चांगुणा नऊ वर्षं अर्ज टाइप करत होती. राजूरजवळच्या एका वाडीतून ती सकाळच्या जीपनं यायची आणि संध्याकाळी परतायची. नवरा गोरक्ष भातशेती बघायचा, मुलगी संस्कृती सातवीत होती. चांगुणा बी.ए. होती. वकिलांचे मसुदे टाइप करता करता आपणही वकील व्हावं असं तिच्या मनानं घेतलं आणि पस्तिसाव्या वर्षी तिनं कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला.

पहिल्या खेपेला थोडक्या गुणांनी प्रवेश हुकला. सगळ्यात जास्त गुण तर्काच्या भागात गेले होते. त्यातही एकाच जातीच्या प्रश्नांत: चार-पाच वाक्यांचा युक्तिवाद द्यायचा, शेवटचं वाक्य कोरं सोडायचं आणि चार पर्यायांतून ते पूर्ण करायला लावायचं.

ती निवृत्त गणितशिक्षिका नीलांबरी कुलकर्णींकडे गेली. बाईंनी एक प्रश्न पुढं ठेवला. पहिल्या गावात पाऊस जास्त पडतो, तरी भात कमी पिकतं. दुसऱ्या गावात पाऊस कमी, तरी भात जास्त. बियाणं दोन्हीकडे एकच. यावरून असं म्हणता येईल की...

चांगुणानं लगेच खूण केली: पहिल्या गावातली जमीन हलकी आहे.

"हे कुठं लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"लिहायला कशाला पायजे, बाई? हलकी जमीन पानी धरत न्हाई. आमच्या वरच्या खाचरात दरसाल हेच हुतं."

"तुझं खाचर मला मान्य आहे. पण प्रश्न काढणाऱ्यानं ते पाहिलेलं नाही. त्यानं दिलेल्या वाक्यांतून निघतं काय?"

तिनं वाक्यं पुन्हा वाचली. मग ती म्हणाली, "भात नुसत्या पावसावर ठरत न्हाई. एवढंच."

"एवढंच. आणि पाऊस भाताला लागतच नाही, असं एका पर्यायात आहे ते?"

"ते लई पुढं गेलं."

बाईंनी तिला एक सवय लावली. पर्याय फूटपट्टीनं झाकायचे, शेवट आधी आपल्या शब्दांत वहीत लिहायचा, मगच पट्टी उचलायची. चांगुणाला हे जड गेलं. जे खरं ठाऊक आहे ते बाजूला ठेवायचं म्हणजे मुद्दाम अडाणी व्हायचं, असं तिला वाटे, आणि एकदा तिनं बाईंना तसं तोंडावर सांगितलंही. बाई म्हणाल्या, "अडाणी नाही. दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, मध्ये आपलं घुसडायचं नाही."

घरी ती भाकरी थापायची आणि संस्कृती पाटावर बसून उतारे वाचायची. शेवटच्या वाक्याशी पोरगी थांबायची. आई शेवट सांगायची. पोरगी जमलं की पुढचं पान उलटायची, चुकलं की नुसती बघायची. वर्षभरात असे दोन वह्या भरून प्रश्न झाले.

त्याच वर्षी ऑगस्टच्या ग्रामसभेत एक विषय निघाला. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी कागद वाचला: वाडीच्या अंगणवाडीत पटावर बावीस मुलं, रोजची हजेरी दहा-अकरा, म्हणून इथं अंगणवाडीची गरज राहिलेली नाही, ती खालच्या गावात न्यावी. लोक कुजबुजले, पण आकडे खरे असल्यानं कोणी उठलं नाही.

चांगुणा उठली.

"साहेब, पोरं कमी येत्यात, हे तुमच्या कागदावर हाय. गरज न्हाई, हे कशावरून काढलं?"

"हजेरीच सांगते ना, बाई."

"हजेरी किती आली ते सांगते. का कमी आली ते न्हाई सांगत. हे आकडे कोन्च्या महिन्याचे?"

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. "जुलैचे."

सेविका भागूबाई मागून म्हणाल्या, "जुलैत भाताची आवनी, रोपांची लावनी असती. आया पोरांना बांधावर घेऊन जात्यात. दिवाळीनंतर या, बसायला जागा पुरत न्हाई."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी पेनानं काहीतरी लिहून घेतलं आणि डिसेंबरची हजेरी पाहून निर्णय घेऊ असं सांगितलं. डिसेंबरात एकोणीस मुलं भरली. अंगणवाडी आहे तिथंच राहिली.

चांगुणानं हे बाईंना सांगितलं. "परीक्षेत मी खाचर बाजूला ठेवते. सभेत भागूबाईनं खाचरच पुढं आनलं, तवा काम झालं."

"आधी कागदात काय नाही ते तू दाखवलंस, म्हणून तिला बोलता आलं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला संगणकावर पेपर होता. फूटपट्टी नेता येईना, म्हणून ती तळहातानं पडद्यावरचे पर्याय झाकत होती. शेजारच्या मुलीनं दोनदा वळून पाहिलं. रिकाम्या जागेचे अकरा प्रश्न आले. एका प्रश्नाशी ती अडली, कारण त्यातला शेवट युक्तिवादाला धरून होता पण तिच्या अनुभवाप्रमाणे साफ खोटा होता. तिनं युक्तिवादाला धरून खूण केली आणि पुढं गेली.

प्रवेश मिळाला. गोरक्षनं गावात पेढे वाटले नाहीत. त्यानं सकाळची धार आणि संस्कृतीचा डबा आपल्याकडे घेतला. आता चांगुणा आठवड्याचे चार दिवस कॉलेजला जाते आणि दोन दिवस टपरीवर बसते. पहिल्या सत्रातला इंग्रजीचा एक पेपर राहिलाय. त्याचा अभ्यास ती जीपमध्ये करते, खिडकीशी जागा मिळाली तर.