लेकीची सॅक

जुन्या जालन्यातलं कापडदुकान. लेकीला घेऊन गेले, दोन साड्या पसंत केल्या, फॉल-पिकोला तिथंच टाकल्या. पावतीसाठी शेठनं नाव विचारलं. आमचं आडनाव ऐकलं की लोकांना वस्ती कळते. त्यालाही कळली.

"मावशी, पिशवी दाखवा जरा. आजकाल लई शॉपलिफ्टिंग होऊन राह्यली."

शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर माझ्या पिशवीहून मोठी पिशवी. तिला कुणी हात लावला नाही.

मी हसले. आमच्या घरात म्हणतात, हिच्या पायावर कुणी पाय दिला तर हीच माफी मागेल. खोटं नाही. पिशवी गादीवर उलटी केली. छत्री, मेथीची जुडी, चष्म्याची डबी. शेठ पुढं काही बोलला नव्हता. तरी मीच लेकीच्या पाठीवरची सॅक ओढली.

"हिचीबी बघून घ्या, शेठ."

चेन उघडली. पॅडचं पाकीट गादीवर पडलं. चार पुरुष बघत होते. लेकीनं ते उचललं, माझ्याकडं न बघता.

रिक्षात ती सॅक पोटाशी धरून बसली. घरी चहा ठेवताना मीच म्हणाले, "शेठनं सरळ चोरी म्हणायचं ना. इंग्रजी कशाला?"

"वेगळं असतंय ते. चोर कुलूप तोडून येतो. ह्याच्यात गिऱ्हाईक म्हणून शिरायचं, माल बघितल्यासारखं करायचं अन् गुपचूप न्यायचा."

म्हणजे माझं गिऱ्हाईक असणंच त्याला सोंग वाटलं. माझी नोकरी, इस्त्रीची साडी, सगळं सोंग.

"त्यानं तुझी पिशवी मागितली, आई," ती म्हणाली. "माझी सॅक तू दिली."

मी चहा गाळत राहिले. माझी आई टेंभुर्णीच्या बाजारात सांगायची, दुकानात हात पाठीमागं ठेव, कशाला शिवू नको. मी तेच लेकीला शिकवलं. वर त्याला चांगलं वळण म्हटलं.

साड्या आणायला एकटीच गेले. शेठचा हात परत पिशवीकडं.

"आधी ह्या ताईंची बघा," मी शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका बाईंकडं बोट केलं. "मंग माझी."

त्या बाईंनी पिशवी जवळ ओढली.

"तुमच्यावर शक न्हाई, मावशी. नियम हे."

"नियम हे तर सगळ्यांना लावा."

शेठनं साड्या पुढं सरकवल्या. मी पिशवी उघडली नाही.

घरी हे सांगितलं. लेक "बरं" म्हणाली आणि आत गेली. माझ्यासोबत ती अजून दुकानात येत नाही. नको येऊ दे. तिच्या सामानाला माझा हात परत लागणार नाही. दुसऱ्या कुणाचा आला, तर आधी मला ओलांडावं लागेल.