जर्मन गाडीचे पितळी दात

जे यंत्र एका माणसानं घडवलं ते दुसरा माणूस उघडून दुरुस्त करू शकतो, या श्रद्धेवर मानवी संस्कृती उभी आहे. कोल्हापूरचं उद्यमनगर तर नक्कीच उभं आहे. तुटका भाग दुकानात नेऊन ‘असा द्या’ म्हणणारा माणूस इथं बाहेरगावचा समजला जातो. इथला माणूस तो भाग लेथवाल्याकडं नेतो आणि ‘असा करा’ म्हणतो. ही श्रद्धा माझ्या डोळ्यांदेखत एकदा कोसळली. कोसळताना तिचा आवाज फार मंजूळ होता, कारण इंजिन सहा सिलिंडरचं होतं.

गाडी माझ्या मेहुण्याची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचं मशीन शॉप आहे. पंचतारांकित हे सरकारनं दिलेलं नाव आहे. चहा टपरीवरच प्यावा लागतो. तिथं तो पंपांचे भाग बनवतो आणि त्यातले काही जर्मनीला जातात. त्यामुळं त्याचं गणित सरळ होतं. ते त्यानं मला, जुनी जर्मन गाडी घ्यायला दिल्लीला जाताना, रेल्वेत समजावून सांगितलं.

“दाजी, ह्या गाड्या घेऊन लोकं का बुडत्यात? पार्ट म्हाग असत्यात म्हणून. आपण पार्ट घ्यायचाच न्हाय. करायचा.”

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. मोठमोठी साम्राज्यं याहून कच्च्या गणितावर उभी राहिलेली मला माहीत असल्यामुळं मी मान डोलावली. मला बरोबर नेलं होतं ते शिकलेला माणूस जवळ असावा म्हणून. शिकलेल्या माणसानं दिवसभरात केलेलं काम म्हणजे कागदांवर ‘साक्षीदार’ या शब्दासमोर सही.

विक्रेत्याचं दुकान इतकं थंड होतं की गाड्या नासतील अशी त्याला भीती असावी. त्यानं सांगितलं की ही गाडी थेट जर्मनीहून आलेली आहे, एका डॉक्टरीणबाईंची आहे आणि त्या फक्त रविवारी चालवत होत्या. जुन्या गाड्यांच्या बाजारात रविवारी गाडी चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची संख्या फार मोठी आहे, हे मला नंतर कळलं. अशी गाडी घेण्याआधी जाणकाराला पैसे देऊन तपासून घेतात. मेहुण्यानं खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आमच्याकडं लेथचं बेअरिंग असंच ऐकतात. डोळे मिटून तो दोन मिनिटं ऐकत राहिला. विक्रेता माझ्याकडं बघायला लागला. मी जाहिरातीचं पत्रक वाचत राहिलो.

“बेअरिंग ठणठणीत हाय,” मेहुणा म्हणाला, आणि व्यवहार झाला.

पुढं एकेक गोष्टी कळत गेल्या. दिल्लीत भरलेला रोड टॅक्स इथं चालत नाही. पुढच्या आणि मागच्या टायरांचं माप वेगळं असतं, आणि दोन्ही मापं कोल्हापुरात नसतात. विम्याचा हप्ता सांगताना एजंटनं स्वतःच पाणी मागितलं. आणि डावं दार दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं होतं. डॉक्टरीणबाईंचा एखादा रविवार बरा गेला नसावा.

पण गाडी देखणी होती. दोन दारं, तीनशे चाळीस हॉर्सपॉवर, आणि जमिनीपासूनची उंची अशी की गावातला प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका ओलांडायचा, तोही माणसं खाली उतरवून.

पहिल्या महिन्यातच पाण्याचा एक प्लॅस्टिकचा पाइप तडकला. पुण्याच्या वर्कशॉपनं सांगितलेली किंमत ऐकून मेहुणा आनंदानं हसला. या प्रसंगाची तो वाटच बघत होता. त्यानं पाइप आपल्या मिस्त्रींपुढं ठेवला. मिस्त्री म्हणजे जाड चष्म्याचे साठीचे गृहस्थ. चाळीस वर्षांत त्यांनी केलेला एकही भाग परत आला नव्हता, आणि हे त्यांना कधी सांगावं लागत नसे. दुपारच्या जेवणापर्यंत त्यांनी तोच पाइप ॲल्युमिनियमचा करून दिला. तो अजून चालतो आहे. मेहुण्यानं कामगारांना पेढे वाटले. गाडीनं केलेलं खरं नुकसान ते. घरी केलेला हा पहिलाच पाइप फसला असता तर तो वेळीच शहाणा झाला असता.

दसरा झाला आणि आबांना पत्र आलं.

आबा म्हणजे माझे सासरे. आमच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या गाडीवर ते तीस वर्षं ड्रायव्हर होते. कारखाना कोणता ते सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या कारखान्यांचे सभासद रागावतील. पत्रात लिहिलं होतं की गळीत हंगामाच्या शुभारंभाला, म्हणजे उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकतात त्या समारंभाला, जुन्या कर्मचाऱ्यांचा सत्कार होणार आहे, तरी आपण यावं.

लहानपणी मेहुणा आबांबरोबर अशा समारंभांना जायचा. अध्यक्ष मांडवात आणि आबा चिंचेखाली, बाकीच्या ड्रायव्हरांच्यात. जेवणाचं ताट गाडीपाशी यायचं, तेही पंगती उठल्यावर. मेहुण्याला एकदा बघायचं होतं की त्या आवारात आबा गाडीतून उतरताहेत आणि दार दुसरं कोणीतरी उघडतंय. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही बॉनेटकडं बघत, आणि लगेच टायरमधल्या हवेविषयी बोलायला लागला. गाडी घेताना पत्र आलं नव्हतं. पत्र आल्यावर आपण गाडी कशाला घेतली ते त्याला कळलं.

समारंभाला आठ दिवस राहिले असताना गाडीनं वेग घ्यायचं सोडलं. ॲक्सिलेटर दाबला की समोर पिवळा दिवा लागायचा आणि गाडी ताशी चाळीसच्या वर जायला नकार द्यायची. ही सोय मुद्दाम केलेली असते म्हणे. काही बिघडलं की गाडी स्वतःच आजारी रजा टाकते आणि घरी पोचण्यापुरतीच चालते. उघडून बघितलं तर इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेतल्या एका छोट्या प्लॅस्टिकच्या चक्राचा दात तुटला होता. चक्र रुपयाच्या नाण्याएवढं. ते सुटं मिळत नाही. सगळी झडप जर्मनीहून मागवायची, चार आठवडे.

मिस्त्रींनी चष्मा वर करून चक्र डोळ्यांजवळ नेलं. त्याच संध्याकाळी पितळेचं चक्र तयार झालं. इतकं सुबक की कामगार ते हातात घेऊन बघत होते, आणि हे नथीत बसवलं तरी शोभेल असं एकानं सांगितलं. झडपेत ते खटकन बसलं. इंजिन सुरू झालं. गाडी फाटकापर्यंत गेली आणि पिवळा दिवा लागला.

मिस्त्रींनी दुसरं चक्र केलं, भोकं पाडून हलकं केलेलं. ते रस्त्यापर्यंत गेलं.

शेवटी पुण्याहून लॅपटॉपवाला तज्ज्ञ बोलावला. स्वच्छ बुटांचा तरुण होता. त्यानं गाडीला वायर जोडली आणि बराच वेळ पडद्यावर वाचत बसला. मग म्हणाला की काम उत्तम झालंय, एवढं अचूक चक्र त्यानंही कधी पाहिलं नव्हतं. पण झडप फिरवायला किती करंट लागतो हे गाडीला पाठ असतं. पितळ जड, करंट जास्त लागतो, आणि गाडी हा भाग आपला मानत नाही.

“बसलाय न्हवं?” मिस्त्रींनी विचारलं.

“बसलाय.”

“फिरतोय न्हवं?”

“फिरतोय.”

“मग माझं काम झालं,” मिस्त्री म्हणाले. “हातानं बसतंय ते बसवून देतो. तिचं मन वळवायचं काम आमच्याकडं न्हाय.”

आणि ते लेथकडं निघून गेले. तज्ज्ञानं, गाडी चालणार नाही हे निश्चित केल्याचे पैसे घेतले आणि तो पुण्याला गेला, साध्या गाडीतून.

मेहुण्याकडं दुसरी चांगली गाडी होती. तिच्यातून जाऊ, असं मी सुचवलं. आबांनीही तेच सुचवलं. मेहुणा म्हणाला की तसली गाडी कारखान्यातल्या कारकुनाकडंही असते. ताशी चाळीस तर ताशी चाळीस, आपण दोन तास आधी निघू.

त्या दिवशी सकाळी आबा पांढरी टोपी आणि इस्त्रीचा कोट घालून डावीकडं बसले. मेहुणा सूट घालून चालवायला बसला. जावयाचा मान म्हणून मला मागं बसवलं. या गाडीची मागची जागा जर्मनांनी कशासाठी ठेवली आहे मला माहीत नाही. माणसासाठी नक्की नाही. माझे गुडघे कानांशी होते आणि बाहेर पडायचं तर पुढच्या माणसानं उतरून, त्याची सीट वाकवून मला ओढून काढावं लागत होतं.

गारगोटी रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एवढ्या हॉर्सपॉवरची आमची गाडी दोन ट्रेलरवाल्या ट्रॅक्टरमागून चालली होती आणि ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागली होती. एक दूधवाला मोटरसायकलला किटल्या अडकवून आमच्या पुढं गेला. जाताना त्यानं वाकून आत बघितलं, कोणी आजारी आहे का म्हणून. मेहुणा चिडून ॲक्सिलेटर दाबायचा, की गाडी गचका खाऊन बंद पडायची. तिसऱ्यांदा बंद पडली ती चढावर. आबांनी दाराकडं हात नेला.

“सरक,” ते म्हणाले.

“आबा, आज तुम्ही नुसतं बसायचं.”

“बसलोय की तासभर. सरक आता.”

जागा बदलल्या. आबांनी गाडी सुरू केली, कान देऊन थोडं ऐकलं आणि पायाखाली अंडं असल्यासारखा ॲक्सिलेटर दाबला. गाडी चढ चढली. तिला राग कुठं येतो ते त्यांनी फर्लांगभरात ओळखलं होतं आणि त्याच्या अलीकडंच ते तिला ठेवत होते. अध्यक्षांची जुनी अँबॅसडर अशीच होती, एवढंच ते म्हणाले. मग गचका नाही की दिवा नाही.  कारखान्याची चिमणी दिसल्यावर मेहुणा म्हणाला की गेटच्या अलीकडं थांबू, तिथून मी घेतो.

“थांबली तर परत उठायची न्हाय,” आबा म्हणाले आणि गेटातून आत शिरले.

वॉचमन नवा होता. त्यानं काय पाहिलं ते मी समजू शकतो. चकाकती गाडी, तिचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेला पांढऱ्या टोपीचा म्हातारा, आणि शेजारी सुटातला माणूस. त्यानं कडक सलाम ठोकला आणि मेहुण्याचं दार उघडलं.

“या साहेब, हितंच उतरा.” मग आत वाकून आबांना म्हणाला, “पावणं, गाडी तिकडं चिंचेखाली घ्या. ड्रायव्हर लोकांच्यात.”

“व्हय,” आबा म्हणाले, “म्हाईत हाय मला.”

मेहुण्यानं तोंड उघडलं, पण तोवर संचालकांपैकी कोणीतरी त्याच्या हातात गुलाबाचं फूल दिलं होतं आणि गाडी पुढं गेली होती. मलाही मांडवात जायचं होतं. पण मी मागं अडकलेला असल्यामुळं चिंचेखाली गेलो.

तिथं आबांनी मला ओढून बाहेर काढलं. सात-आठ ड्रायव्हर जमले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आबांना ओळखलं, मग बॉनेट उघडलं गेलं, आबांचा कोट निघून माझ्या हातात आला आणि झडप बाहेर निघाली. पितळेचं चक्र या हातातून त्या हातात फिरलं. मिस्त्रींना त्या दिवशी जेवढी दाद मिळाली तेवढी आयुष्यात मिळाली नसेल, आणि ते तिथं नव्हते. आबा समजावून सांगत होते, मध्येच कुणाला तरी गप्प करत होते, हसत होते. त्यांना इतकं बोलताना मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

लाउडस्पीकरवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. मी कोट पुढं केला. त्यांनी दोन्ही हात दाखवले; मनगटापर्यंत काळे होते.

“पावणं, असं हात घेऊन कुठं जाऊ? पोरगं हाय की तिथं. सांगंल त्यो.”

नाव परत पुकारलं गेलं. मांडवाच्या कडेनं मला मेहुणा दिसला. तो घाईनं मंचावर चढला आणि प्रमुख पाहुण्यांच्या कानाशी लागला. वडील बाहेर आहेत, पाच मिनिटं थांबा, असं तो सांगत होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं. पाहुण्यांना अजून चौदा शाली पांघरवायच्या होत्या. ते ऐकता ऐकताच त्यांनी मेहुण्याला शाल घातली, डोक्यावर फेटा ठेवला, हातात नारळ दिला आणि त्याला फोटोग्राफरकडं वळवलं.

परत जाताना गाडी आबांनीच चालवली. वाटेत मेहुण्यानं शाल त्यांच्या खांद्यावर ठेवायला हात पुढं केला. चालवताना शाल घेत नसतात, असं म्हणून त्यांनी ती मागं माझ्याकडं द्यायला सांगितली. मला गार वाजत होतंच.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो ठळक छापून आला होता. खाली लिहिलं होतं : ‘तीस वर्षे अध्यक्षांच्या गाडीचे सारथ्य करणारे ज्येष्ठ निवृत्त वाहनचालक सत्कार स्वीकारताना.’ मेहुणा चव्वेचाळीस वर्षांचा आहे.