ताटातलं एन्झाइम

संगमनेरजवळच्या एका कॉलेजात मी संशोधन करत होते. आमचे विभागप्रमुख प्रयोगशाळेत यायचे ते फक्त कॅमेरा आला की.

माझं काम पेशीतल्या प्रथिनांवर होतं. त्यांना फॉस्फेट जोडणारं एक मानवी एन्झाइम जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मिळतं, ते आम्ही मागवलं. कोरड्या बर्फात बोटाच्या पेराएवढी कुपी आली. ती लगेच उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायला हवी, एवढं मी सरांना सांगितलं.

"राहू दे बाहेर. पाहुण्यांच्या हस्ते पूजन करू."

"सर, या उकाड्यात ते मरेल."

"एवढ्यानं काय होतंय?"

कुपी ताटात गेली, नारळ आणि झेंडूच्या मधे. पाहुणे, एक स्थानिक पुढारी, दुपार कलल्यावर आले. कुपी उजेडात धरून म्हणाले, "यात तर थेंबभर पानी हाय."

"मानवी एन्झाइम आहे साहेब," सर छाती काढून म्हणाले.

'मानवी' ऐकताच पाहुण्यांनी कुपी खाली ठेवून रुमालाला हात पुसले. ते निदान घाबरले तरी. सरांना तेवढीही अक्कल नव्हती.

मग मी त्याच कुपीवर प्रयोग केला. एन्झाइमनं फॉस्फेट जोडलं, तर एक्स-रे फिल्मवर काळी पट्टी उमटते. फिल्म कोरी निघाली. "तुमचा हात बसलेला नाही," असं मला सुनावून सरांनी माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला आणि तुमचा माल खराब निघाला म्हणून झापलं. कंपनीनं बिचारीनं दुसरी कुपी पाठवली. ती मी फाटकावरच ताब्यात घेतली, फ्रीजरमध्ये टाकली आणि किल्ली पर्समध्ये ठेवली.

पत्रकार आले तेव्हा सरांनी कुपी मागितली. मी तशाच एका कुपीत नळाचं पाणी भरून दिलं. ती दोन्ही हातांत धरून ते मानवी शरीराच्या गूढावर बराच वेळ बोलले. मला हसू आलं नाही, किळस आली.

फ्रीजरमधल्या एन्झाइमनं काम केलं. फिल्मवर ठळक काळी पट्टी उमटली. शोधनिबंधावर सरांनी स्वतःचं नाव पहिलं घातलं.

"काम मी केलंय," मी म्हणाले.

"पण मागवलं मी ना?"

"काय मागवलं होतं, सर? नाव सांगा."

ते चष्मा शोधू लागले. माझं नाव पहिलं छापून आलं.

निबंधाबद्दल राहात्याला सत्कार मात्र त्यांचा झाला. मलाही बोलावणं होतं. मी गेले नाही. प्रयोगशाळा दिवसभर शांत होती, बरंच काम उरकलं.