काचपट्टीवरची कुत्रीमांजरं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंइतकं कुत्र्यामांजरांना आतून ओळखणारं माणूस अख्ख्या अमिरातीत सापडलं नसतं, आणि त्यांना बाहेरून इतकं घाबरणारंही. आम्ही डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीत राहायचो तेव्हा काकू शहरातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होत्या. कुणाच्या तरी कुत्र्याच्या गाठीतून सुईने काढलेला थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगात बुडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा, हे त्यांचं काम. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असे. "पण पहिली नजर माझी," असं त्या सांगत. मात्र तो थेंब ज्याचा, तो प्राणी समोर आला की काकू भिंतीला पाठ लावून उभ्या. पार्किंगमध्ये मांजरं फार, म्हणून गाडीपर्यंत जाताना त्या किल्ल्यांचा जुडगा वाजवत चालायच्या. "आपण येतोय हे त्यांना आधी कळवलेलं बरं," असं म्हणायच्या. मांजरं ढिम्म हलत नसत.

मला तेव्हा कुणाशीही बोलायचं म्हणजे संकट वाटायचं. लिफ्टमध्ये कोणी असेल तर मी जिन्याने जायचे. पण काकूंपुढे बोलावं लागतच नसे, नुसतं ऐकलं तरी पुरे. एकदा त्यांचा डबा परत करायला गेले, तर त्यांनी मला बसवलं आणि ताटात तीन ढीग मांडले: साबुदाणा, शेवया आणि मळलेली कणीक. "कॅन्सर म्हणजे एकच रोग नव्हे गं. हे बघ, काही पेशी अशा साबुदाण्यासारख्या, सुट्या आणि गोल. काही शेवयांसारख्या लांबट. आणि काही कणकेच्या गोळ्यासारख्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. नवीन थेंब आला की मी आधी एवढंच विचारते, तू कुठल्या डब्यातला?" त्यानंतर कितीतरी दिवस एकादशीची खिचडी माझ्या घशाखाली उतरेना. आईला कारण सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

कारणांच्या बाबतीत काकू फार कडक. समोरच्या फ्लॅटमधले एक गृहस्थ पर्शियन मांजर बाळगून होते आणि बाल्कनीचं दार उघडं ठेवून सिगरेट ओढायचे. काकूंनी त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. "भाईसाब, धुआँ उसके बालों पे बैठता है, और वो दिनभर बदन चाटती है। मतलब सिगरेट आप पीते हो और खाती वो है।" ते गृहस्थ त्या संध्याकाळपासून खाली रस्त्यावर उभे राहून ओढू लागले. गेटवर एक पांढरी मांजर दिवसभर उन्हात पसरलेली असे. पांढऱ्या कानांना ऊन सोसत नाही, आधी खपली धरते आणि पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो, हे काकूंनी दहा पावलांवरून वॉचमनला समजावलं. "मॅडम, बिल्ली मेरा नहीं सुनता," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी काकूंनी मोठी छत्री आणून, लांबूनच त्याला हाताने दिशा दाखवत, मांजरीवर उघडून ठेवायला लावली. मांजर उठून शेजारच्या उन्हात जाऊन बसली. पण त्याच काकूंसमोर कुणी "नजर लागली" किंवा "मागच्या जन्मीचं" म्हणालं, की त्या चष्मा काढून त्या माणसाकडे बघत. "माहीत आहे तेवढंच कारण. त्यापुढे 'माहीत नाही' असं लिहायचं. लिहायला लाज कसली?"

मग ते मंदीचं वर्ष आलं. आमच्या इमारतीत दर आठवड्याला कुणाच्या तरी दारात खोक्यांची थप्पी दिसू लागली. माझ्या वर्गातल्या, वर्गातल्या कसल्या, माझ्या एकुलत्या एका मैत्रिणीच्या वडिलांचा प्रोजेक्ट बंद पडला आणि चार दिवसांत ते सगळे भारतात परत गेले. जाताना तिने तिचा बॉक्सर कुत्रा सुलतान आमच्याकडे सोडला. "जस्ट टू वीक्स, प्लीज." दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. हा सुलतान इतका भित्रा, की व्हॅक्युम क्लीनर सुरू झाला की माझ्या खुर्चीमागे लपायचा. एका शुक्रवारी त्याला आंघोळ घालताना मागच्या पायावर वाटाण्याएवढी गाठ लागली.

आईने आधी हात धुतले. "हे माणसांना लागतं का गं?" आणि मग, "आजारी असेल तर आपल्याला नाही हं ठेवता येणार. बाबांच्या ऑफिसचं उद्याचं सांगता येत नाही. कुणाच्या तरी हवाली करून टाकू." तेव्हा आजारी कुत्रा ताब्यात घेणारं कुणी नव्हतं. सोडून दिलेली कुत्रीच सगळीकडे इतकी झाली होती, की हवाली करणं म्हणजे इंजेक्शन देऊन मारणं, हे मला कळत होतं. मैत्रिणीला ई-मेल केला, तर तिचं उत्तर आलं, "मी त्याला रोज चोरून चीज द्यायचे. त्यामुळे झालं का? खरं सांग." मला खरं माहीत नव्हतं. मी जिना उतरून काकूंची बेल वाजवली. आपणहून, पहिल्यांदा.

शनिवारी काकांनी गाडी काढली. सुलतान आणि मी मागे, आणि काकू पुढे, ओढणी डोक्यावरून घेऊन, काचेला चिकटून. दवाखान्यात गेल्यावर कळलं की जनावरं धरणारा माणूस त्याच आठवड्यात कमी केला होता. डॉक्टर सुई घेऊन तयार. पाय मी धरणार होते. डोकं कुणी धरायचं? काका गाडी लावायला गेलेले. काकूंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग डोळे गच्च मिटून पुढे झाल्या आणि सुलतानचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "साबुदाणा, शेवया, कणीक," त्या पुटपुटत होत्या, रामरक्षा म्हणावी तशा. "साबुदाणा, शेवया... यल्ला डॉक्टर, लवकर, यल्ला!" सुलतानही थरथरत होता. कोण कुणाला घाबरतंय हे सांगणं अवघड होतं. दोघांपैकी एकाची लाळ काकूंच्या कुर्त्यावर सांडत होती, एवढं नक्की.

मग हात धुऊन त्या मायक्रोस्कोपपाशी बसल्या आणि एकदम वेगळ्याच झाल्या. काचपट्टी जराजराशी सरकवत टोकापर्यंत बघत गेल्या. "ये, बघ." मी पाहिलं. गोल गोल पेशी, आणि प्रत्येकीवर जांभळी खसखस पसरलेली. अनारशांचं ताट जणू.

"वाईट आहे?"

"आहे. पण लहान असताना सापडलंय. डॉक्टर अजून बघतील. बॉक्सरमध्ये हे फार दिसतं गं, ते जातीतच येतं."

"आणि चीज?"

"चीजचा काही संबंध नाही. तिला आजच्या आज लिही. पोरीने ते उराशी घेऊन बसू नये."

संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या. आत सुलतान होता, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि तिथूनच आईला म्हणाल्या, "वहिनी, हा रोग ना तुम्हाला लागायचा, ना मला. लागलाय तो त्यालाच. काढता येतोय तोवर काढू द्या. डॉक्टरांशी मी बोलले आहे." आईने पायाने पायपुसणं सरळ केलं. मग म्हणाली, "आत तरी या." काकू म्हणाल्या, "त्याला बांधा, मग येते."

गाठ काढली. आठवड्याने काकूंचा फोन आला, हॅलो न म्हणता, "कडा स्वच्छ आहेत!" म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठावर रोगाच्या पेशी नव्हत्या. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सुलतान खुर्चीमागे गेला.

पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्याने लॅब बंद केली. काकू-काका सांगलीला परतले. निघताना त्यांनी मायक्रोस्कोपचं जुनं भिंग मला देऊ केलं, मी संकोचाने घेतलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. मैत्रिणीचं कुटुंब काही परत आलं नाही. सुलतान आमचाच झाला, आईचा जरा जास्तच.

तो गेला तेव्हा मी नोकरीला लागले होते. काकूंना फोन केला. सवयीप्रमाणे त्यांनी आधी विचारलं, "गाठ आली होती का परत?"

"नाही. काहीच नव्हतं. दोन दिवस जेवला नाही, एवढंच."

"वय?"

"अकरा."

"मग म्हातारपण. कारण म्हणून तेवढंच लिही, दुसरं काही शोधू नकोस."

मी हो म्हटलं. पलीकडून प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली. मला वाटलं, आता त्या फोन ठेवतील. पण त्यांनी ठेवला नाही.

"शेवटी डोकं कुणी धरलं होतं गं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"हं," काकू म्हणाल्या. "जड असतं ना?"