अर्धी दाढी आणि लोकशाही

सुमनताई, गुडघा कसा आहे? दिगूभाऊ, खोकला थांबला का? बाकी सगळे बरे असाल.

आज ईट गावात बालाजीच्या सलूनमध्ये गेलो. खुर्चीत माझा दोस्त गणपत बसलेला, दाढी निम्मी झालेली. मला बघून म्हणाला, "देशात आता लोकशाही उरली न्हाय."

मी म्हणालो, "मग रांगेत उभा राहून मत कशाला दिलंस?"

"नुसतं मत दिलं म्हंजे झालं व्हय? आपलं ऐकतंय कोण? तू तरी कधी ऐकतोस?" असं म्हणून गडी गळ्यातल्या टॉवेलासकट निघून गेला.

मागच्या निवडणुकीनंतर आमचा कित्येक महिने अबोला होता. वाटलं, आता पुन्हा तेच होणार. पण त्याचं तोंड बघून चौकातली माणसं हसायला लागली, तसा तो परत आला.

त्याची दाढी उरकल्यावर मी खुर्चीत बसलो. म्हणालो, "आता बोल." तो मनसोक्त बोलला. माझ्या गळ्याशी वस्तरा, त्यामुळं मधे तोंड घालता येईना. पहिल्यांदाच त्याचं सगळं ऐकलं, आणि खरं सांगतो, निम्मं पटलं. उरलेल्या निम्म्यावर भांडायला आम्ही दोघं चहाला गेलो.

तुम्ही विरोधातल्या माणसाचं शेवटपर्यंत कधी ऐकलंत? लवकर लिहा, वाट बघतोय.