साडेसतराचे अठरा

माझे वडील घाटकोपरच्या एका शाळेत गणित शिकवायचे, आणि माझं नशीब असं फुटकं की मीही त्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात. आठवीच्या वार्षिक परीक्षेत मला गणितात साठपैकी साडेवीस पडले. मी म्हटलं, अर्धा वाढवून एकवीस धरा ना, साठपैकी एकवीस म्हणजे बरोबर पस्तीस टक्के, सुटले मी. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता.

"आधी टक्के काढायचे, गोल करायचं ते शेवटी. मधेच गोल केलंस की उत्तर खोटं येतं."

टक्के आले चौतीस पॉइंट एक सात. गोल केले तरी चौतीसच. मैत्रिणी नववीत गेल्या आणि मी त्याच बाकावर राहिले. सगळ्या गल्लीला ही गोष्ट पाठ होती, आणि माझी मोठी बहीण, ताई, ती भेटेल त्याला सांगायची.

चार-पाच वर्षांनी ताईचं ठरत होतं. ठरत कसलं, तिचं आणि मुलुंडच्या त्या मुलाचं कधीच ठरलेलं होतं, अंधेरीला एकाच ऑफिसात होते दोघं. अडून बसली होती ती मुलाची आई. पत्रिकेचे छत्तीसपैकी निम्मे गुण जुळले तरच लग्न, नाहीतर विषय बंद, असं तिनं बजावलं होतं आणि मुलगा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. त्यांच्या घरी आम्ही सगळे बसलेलो असताना गुरुजींनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "साडेसतरा."

ताईनं हातातली कपबशी खाली ठेवली. मुलाची आई पदर सावरत उठली. "अर्ध्यानं का होईना, कमीच ना. मग नाही जमत."

"बसा हो," बाबा शांतपणे म्हणाले. "अर्धा आला की पुढचा पूर्णांक धरतात. साडेसतराचे झाले अठरा. छत्तीसपैकी अठरा म्हणजे एक छेद दोन, पन्नास टक्के."

मी गारच पडले. हा माणूस आधी गोल करत होता! माझ्या बाबांच्या तोंडून हे वाक्य ऐकण्यापेक्षा त्यांनी शिवी दिलेली मला सोसली असती.

मुलाची आई परत खाली बसली. "सर, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मानलं नसतं मी. पण पोटच्या पोरीला ज्यानं अर्धा मार्क दिला नाही, तो माणूस खोटं कशाला बोलेल?"

पेढे वाटले. माझा मी बशीतच ठेवला.

खाली रिक्षा शोधताना मी त्यांना गाठलंच. "बाबा, आधी टक्के काढले तर अठ्ठेचाळीस पॉइंट सहा होतात. गोल केले तरी एकोणपन्नास."

"माहितीये मला."

"मग माझ्या वेळी?"

"तुला पुढच्या वर्षी परत बसता आलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हिला हा मुलगा परत कुठून आणून देऊ?"

रिक्षात ताई आमच्या दोघांच्या मधे बसली होती. आनंदानं रडत होती आणि एका हातानं बाबांचा हात, दुसऱ्यानं माझा घट्ट धरून होती. मी इतकी संतापले होते की कानशिलं तापली होती. माझ्या वाया गेलेल्या त्या अख्ख्या वर्षामुळे त्या बाईनं बाबांना खरं मानलं, म्हणून हिचं लग्न ठरलं होतं. आणि तरी मला तो हात सोडवून घेता येईना.