दाजींनी गाडी उंच केली

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कोणतीही वस्तू वापरून पाहिल्याशिवाय विकत घेता येत नाही. चपला घ्यायला गेले की त्या पायात घालून दुकानाबाहेर पार कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. दुकानदार जीव मुठीत धरून बघत असतो. एकदा गादी घ्यायला गेले आणि दुकानातच त्यांना झोप लागली. दुकानदाराने घाबरून ताईला फोन केला. ताई म्हणाली, "उठवू नका. आपण होऊन उठले की घेतील." तसंच झालं. ती गादी अजून आहे.

दाजींचा धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचा. घराच्या तळमजल्यावर त्यांचं वर्कशॉप आहे. तिथे उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं आणि ग्रीसचे डबे अशा शिस्तीत मांडलेले असतात, की माझ्यासारख्या आयुष्यभर हिशेबखात्यात काढलेल्या माणसालाही तिथे बरं वाटावं. पण त्यांची निम्मी गिऱ्हाइकं डोंगरावर आहेत. तिथल्या विहिरींवरचे पंप खाली आणणं परवडत नाही, म्हणून दाजीच वर जातात. त्यासाठी त्यांच्याकडे एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे. रंग मुळात हिरवा होता असं दाजी सांगतात. गाडीने विशी कधीच ओलांडली आहे. दाजी तिला 'म्हातारी' म्हणतात, पण हळू आवाजात, कारण पुढच्या सीटवर त्यांची आई बसलेली असते.

दाजींच्या आईंना घरातली मुलं आजी म्हणतात, म्हणून आम्हीही सगळे आजीच म्हणतो, आणि मुलांचा मामा म्हणून त्या मला मामा म्हणतात. दाजींच्या प्रत्येक डोंगरफेरीला आजी बरोबर असतात. दाजी विहिरीत उतरले की आजी गाडीची काच खाली करतात आणि त्यांचा दरबार सुरू होतो. कुणाची सून नांदत नाही, कुणाला कंबरदुखीचं मलम हवंय, कुणाचा मुलगा परीक्षेत का नापास झाला, हे सगळं त्या खिडकीतून चालतं. वरून फोन आला की लोक आधी विचारतात, "आजी येणार ना?" आणि मग पंपाचं काय झालंय ते सांगतात.

गेल्या वर्षी आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन झकास झालं, पण डावा पाय एका मर्यादेच्या वर उचलला जात नाही. बाजार सुटला, बहिणीकडे जाणं सुटलं. राहिली ती एवढी डोंगरफेरी. दाराची कड धरून, "थांब रे, घाई करू नकोस" म्हणत त्या पुढच्या सीटवर चढायच्या. डोंगरफेरीच्या दिवशी आजींचा घरातला आवाजच वेगळा असायचा, असं ताई सांगते.

आणि नेमकं त्याच सुमारास डोंगराच्या वाटेवरच्या ओढ्यात एक दगड सरकून मधोमध येऊन बसला. गाडीत पंप, पाइप आणि साखळ्या भरल्या की ती आधीच खाली दबते. त्या दगडावर तिचं पोट घासायला लागलं. एकदा तर गाडी दगडावर अशी टेकली की पुढची चाकंही जागच्या जागी फिरत राहिली आणि मागचीही. दाजी पाण्यात उभे राहून पहारीने दगड उचकटत होते आणि आजी खिडकीतून सांगत होत्या, "डावीकडून घाल. अरे, तुझी डावी नव्हे, माझी डावी!"

दगड हलला नाही. मग दाजी गाडी उंच करायच्या मागे लागले.

आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाले मिस्त्री दाजींचे जुने दोस्त. त्यांनी गाडीखाली बॅटरी मारली आणि आतूनच बोलायला सुरुवात केली.

"दाजी, या स्प्रिंगच्या कमानी पाहिल्यात का? कमान कसली, सपाट पट्टी झालीय. नवीन कमानी आणि शॉकअब्सॉर्बर टाकले तर गाडी नुसती मूळच्या उंचीवर येईल. त्याच्यावर उंची हवी असेल तर दोन इंच, तीन इंच, चार इंच, असे सेट मिळतात."

"चार," दाजी म्हणाले.

"ऐकून तर घ्या. चार केले तर वळणावर डोलेल. ब्रेकचे पाइप लांब घालावे लागतील, शाफ्टचा कोन बदलेल, थरथर येईल. आणि कमानी कितीही उंच केल्या तरी चाकांच्या मधला हा डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहणार. तो वर उचलायला टायरच मोठे लागतात."

"गोळा नाही घासत. पोट घासतं."

"मग दोन किंवा तीन."

मी म्हटलं, "मिस्त्री, मधला आकडा घेतलेला बरा असतो."

दाजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मेव्हणे, तुम्ही लग्नाला मुलगी बघायला गेलात तेव्हा तीन बहिणी होत्या. मधली केलीत का?"

मी थोरली केली आहे.

परतताना दाजी सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "आई चढेल का हो?"

खरा प्रश्न हाच होता आणि तो घरात कुणीच उच्चारत नव्हतं. गाडीला पूर्वी एक लोखंडी पायरी होती. ती ओढ्यातच तुटून गेली. नवीन लावावी तर तीच सगळ्यात खाली लोंबणार आणि सगळ्यात आधी घासणार. घडीची पायरी असते, पण मिस्त्री म्हणाले, चिखलाने आठवड्यात जाम होईल. गाडी उंच केली नाही तर डोंगराचं काम जातं. उंच केली तर आजींची सीट जाते. आजींसमोर मात्र विषय निघाला की दाजी "लोड", "क्लिअरन्स" असे शब्द वापरायचे, आणि आजी शेंगा सोलत म्हणायच्या, "माझंच चाललंय ना? चालू द्या."

शेवटी दाजींनी आपल्या स्वभावाप्रमाणे मार्ग काढला. गाडी उंच न करता उंच करून बघायची! वखारीतून त्यांनी इंच-इंच जाडीच्या लांब, चांगल्या रुंद फळ्या आणल्या. अंगणात चारही चाकांच्या पुढे दोन-दोन फळ्या एकावर एक मांडल्या आणि गाडी हळूच त्यांच्यावर चढवली. झाली दोन इंच उंच.

"आई, जरा येऊन बस बरं."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. नुसती बस."

"नुसती बसायला मला खुर्ची आहे," म्हणत आजी आल्या. पदर खोचला, दाराची कड धरली आणि बसल्या. नेहमीसारख्या.

दुसऱ्या दिवशी तीन फळ्या. आजी बसल्या. तिसऱ्या दिवशी चार. मला मुद्दाम बोलावलं होतं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तरही कुंपणावर कोपर टेकून उभे होते. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीत. आजींनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, "सर्कस आहे का रे ही?" असं विचारलं आणि चढून बसल्या. कुठे अडल्या नाहीत, कण्हल्या नाहीत. पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दाजींचे डोळे पाणावले होते, पण ते फळ्या बघायच्या निमित्ताने खाली वाकले.

"बघितलंत, मेव्हणे? डॉक्टरला काय कळतंय! चारच घेणार."

मिस्त्रींनी मात्र चार द्यायला साफ नकार दिला. "चार तुमच्या आईला जमतील हो. गाडीला नाही जमणार. तीनवर या." दाजी कुरकुरले आणि तीनवर आले. मधला आकडा झाला, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ज्या दिवशी काम झालं त्या दिवशी आजीही गॅरेजमध्ये आल्या होत्या. सकाळी जुन्या उंचीच्या गाडीतून आल्या, दिवसभर मिस्त्रींच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसल्या आणि मिस्त्रींच्या धाकट्या मुलीचं लग्न कुठे जमेल ते सांगत राहिल्या. संध्याकाळी जॅक काढला. गाडी खाली आली, पण आली तरी वरच राहिली. खरंच रुबाबदार दिसत होती. उतारवयात कुणीतरी नवीन सूट शिवून द्यावा तशी. मिस्त्रींनी हेडलाइटचा झोत खाली करून दिला, चाकांची अलाइनमेंट झाली, दाजी गॅरेजच्या आवारात दोन चकरा मारून आले.

"चल आई, घरी."

आजींनी दाराची कड धरली. डावा पाय उचलला. पाय गाडीच्या कडेला लागला आणि परत खाली आला. त्यांनी पदर पुन्हा खोचला. उजवा पाय आधी टाकून पाहिला. तोही जमेना. दाजी मागून आधार द्यायला गेले तर "धरू नको, मला चढता येतं" म्हणून तिसऱ्यांदा प्रयत्न केला. मग हात सोडला.

"रिक्षा बोलवा," आजी म्हणाल्या. "आज गुडघा धरलाय जरा."

दाजींचा चेहरा बघवेना. ते गाडीभोवती फिरले, वाकून खाली बघितलं, परत आले. "मिस्त्री, उंची किती झाली? मोजा."

"तीन. मोजून केलीय. वर एक सूत नाही."

"मग अंगणात आई चार चढली ती कशी?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी आजींकडे पाहिलं. आजी मात्र आमच्या तिघांकडे अशा बघत होत्या, की या मुलांचं पुढे कसं होणार.

"कशी म्हणजे? फळीवर पाय ठेवून."

"कुठल्या फळीवर?"

"अरे, चाकाखालून ती लांबलचक बाहेर आली होती ना, दाराखाली? आधी तिच्यावर उभी राहायचे आणि मग आत. छान सोय केलीस म्हटलं मनात. आज ती कुठे ठेवलीस?"

दाजी गॅरेजच्या पायरीवर मटकन खाली बसले. गाडी जितकी वर जात होती, तितक्याच आजीही फळीवर वर जात होत्या, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंना तोच आकडा मिळवायचा आणि बेरीज जुळली म्हणून खूश व्हायचं, असा प्रकार. तो ओळखणं हीच माझी आयुष्यभराची नोकरी, आणि टाळ्या मी पोस्टमास्तरांपेक्षा जोरात वाजवल्या होत्या.

"काढा," दाजी मिस्त्रींना म्हणाले. "सगळं काढा. जुन्या कमानी घाला परत."

"अहो, त्या भंगारात..."

"मग भंगारातून आणा! मी ओढ्यात दगड फोडत बसेन रोज. नको मला उंची."

"काही काढायचं नाही," आजी म्हणाल्या. "एवढी सुंदर दिसतेय गाडी. मी विचारलं काय? फळी कुठे ठेवलीस?"

"घरी आहे. पण आई, ती गाडी उंच करून बघायला होती. ती काही गाडीबरोबर येत नाही."

"का येत नाही?"

दाजींनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री टोपी काढून डोकं खाजवत होते.

"मला वाटलं, ती बरोबरच असणार," आजी म्हणाल्या. "नाहीतर मी कशाला चढले असते उगाच तीन-तीनदा? मला काय हौस आहे?"

मिस्त्री हसायला लागले ते थांबेनातच. हसत-हसत आत गेले, लाकडाच्या ढिगातून एक जाड ओंडका घेऊन आले आणि दाराखाली ठेवला. आजींनी त्याच्यावर आधी टाच आपटून बघितली. मग पदर खोचला, कड धरली, "थांब रे, घाई करू नकोस" म्हटलं आणि चढून बसल्या. काच खाली केली.

"सूनबाईंना फोन कर, उशीर होतोय म्हणावं. आणि हे लाकूड आत घे. की तुझ्या मिस्त्रीलाच ठेवायचंय?"

त्या रविवारी दाजींनी वर्कशॉपमध्ये तीन फळ्या एकमेकींवर ठोकल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, खाली टायरच्या रबराचा तुकडा चिकटवला आणि एका टोकाला भोक पाडून जाड दोरी बांधली. दोरीची कल्पना आजींची. "दर वेळी तू उतरून फळी उचलणार, मग परत फिरून येणार. तोवर काय मी दार उघडं टाकून बसू?" आता त्या चढून बसतात आणि दोरीने फळी स्वतः वर ओढून पायाशी ठेवतात. दोरीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. ओढ्यातला दगड अजून तिथेच आहे. गाडी त्याच्यावरून जाते तेव्हा आजी खिडकीतून वाकून त्याच्याकडे बघतात, बोलत काही नाहीत.

डोंगरावरच्या लोकांनाही सवय झाली आहे. गाडी थांबली की आधी दार उघडतं, मग फळी दोरीने खाली उतरते, मग आजींची चप्पल. मुलं कौतुकाने बघत उभी राहतात. दाजी म्हणतात, "विमानाच्या जिन्याला कुणी एवढं बघत नाही."

परवा मी रजा टाकून त्यांच्याबरोबर वर गेलो. निवृत्तीनंतर काय करायचं याचा विचार करायला डोंगर बरा, असं दाजींचं म्हणणं. वरून निघताना मी मागच्या दाराशी उभा राहिलो, कड धरली आणि पाय उचलला. गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. तो फक्त मलाच ऐकू आला असं मला वाटलं. मी सहज इकडचं-तिकडचं दृश्य बघत उभा राहिलो.

पुढचं दार उघडलं. फळी दोरीने खाली आली आणि झोका घेत माझ्या पायाशी टेकली.

"ठेवा, मामा, पाय ठेवा," आजी म्हणाल्या. "त्यात काय एवढं? मी नाही बघत."

आणि त्या खरोखरच समोर बघत बसल्या, दोरी हातात घट्ट धरून.